वजनाचा काटा अडकल्यावर उमेद कशी टिकवावी

आहार सांभाळून आणि नेमाने व्यायाम करून पहिले पाच-सहा किलो उतरतात, कपडे सैल होतात, घरचे आणि कार्यालयातले लोक आवर्जून विचारू लागतात; आणि मग कधीतरी काटा एका आकड्यावर येऊन बसतो, तो हलतच नाही. तिसऱ्या आठवड्यातही तोच आकडा दिसला की मन खचू लागते, आणि महिना उलटला की ‘एवढे करून उपयोग काय’ हा प्रश्न रोजच्या ताटासमोर उभा राहतो. याच टप्प्यावर पुष्कळ जण दोन टोकांपैकी एक गाठतात. काही जण सगळे नियम सोडून देतात. काही जण निम्मे जेवण बंद करून दुप्पट चालू लागतात आणि थोड्याच दिवसांत थकून पहिल्या गटात सामील होतात.

उमेद टिकवण्याचे उपाय सांगताना बहुधा मनाला समजावण्यावर भर दिला जातो. माझे मत असे आहे की अडकलेल्या काट्यासमोर नुसती समजूत फार दिवस पुरत नाही. शरीरात काय चालले आहे ते कळले, वजन थांबण्याचे कारण शोधता आले आणि आपल्या कष्टांची साक्ष काट्याखेरीज आणखी काही ठिकाणांहून मिळू लागली, तर उमेदीला आधार मिळतो. म्हणून येथे आधी मोजमाप, मग कारणे आणि त्यानंतर मनाच्या सवयी असा क्रम ठेवला आहे.

काटा खरोखर थांबला आहे का, हे आधी पाहावे

खाणे कमी केल्यानंतर पहिल्या पंधरवड्यात जे वजन झपाट्याने उतरते, त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ४०० ते ५०० ग्रॅम साखर साठवलेली असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. हा साठा घटला की पाणीही जाते आणि काटा दीड-दोन किलोंनी खाली येतो. हा वेग पुढेही राहील अशी अपेक्षा मनात रुजते, आणि नंतर चरबी आपल्या संथ गतीने कमी होत असतानाही आपण अडकलो आहोत असे वाटू लागते.

पाणी उलट दिशेनेही फसवते. लोणचे-पापड किंवा बाहेरचे खारट जेवण झाले, बद्धकोष्ठता झाली, नवा व्यायाम सुरू करून स्नायू दुखू लागले, की एक-दोन किलो वजन सहज वाढलेले दिसते. अनेक स्त्रियांना पाळीच्या आधीच्या आठवड्यात असाच अनुभव येतो, म्हणून त्यांनी या महिन्याच्या पाळीनंतरच्या वजनाची तुलना मागच्या महिन्याच्या पाळीनंतरच्या वजनाशी करावी. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात. रविवारी लग्नाचे जेवण झाल्यावर सोमवारी काटा एक किलो वर गेला, तर ती चरबी असायला रोजच्या गरजेपेक्षा ७७०० कॅलरी जास्त खाव्या लागल्या असत्या. एका जेवणात हे शक्य नाही, आणि हा हिशेब लक्षात ठेवला तर सोमवारची सकाळ वाया जात नाही.

वजन सकाळी शौचाहून आल्यावर, काही खाण्यापिण्यापूर्वी, त्याच काट्यावर आणि काटा कठीण फरशीवर ठेवून करावे. रोजचा आकडा वहीत लिहावा, पण त्यावरून कोणताही निर्णय घेऊ नये. आठवड्याच्या शेवटी सातही आकड्यांची सरासरी काढावी आणि फक्त सरासरींची तुलना करावी. ज्यांना रोज काट्यावर उभे राहिल्याने बेचैनी येते, त्यांनी आठवड्यातून दोन ठरावीक दिवशी वजन करावे. चार आठवड्यांच्या सरासरी पाहिल्यावर आठवड्याला २०० ग्रॅमची घट दिसत असेल, तर वजन थांबलेले नाही. याच गतीने वर्षाला दहा किलो होतात. सरासरी चार ते सहा आठवडे जागची हलली नाही आणि कंबरेचा घेरही तेवढाच राहिला, तरच वजन खरोखर अडकले असे म्हणावे.

कंबरेचा घेर महिन्यातून दोनदा मोजावा. शेवटच्या बरगडीची खालची कड आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध टेप धरावा, श्वास सहज सोडावा, पोट आत ओढू नये. भारतीयांसाठी पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची मर्यादा मानली जाते. वजन तेच राहून घेर दोन सेंटिमीटरने कमी झाला असेल, तर चरबी घटते आहे आणि स्नायू टिकले किंवा वाढले आहेत असे समजण्यास जागा आहे.

शरीराचा खर्च कमी होतो, भूक वाढते

समजा, ४५ वर्षे वयाच्या आणि १५५ सेंटिमीटर उंचीच्या एका शिक्षिकेचे वजन ७८ किलो होते. आहारतज्ज्ञ वापरतात त्या मिफ्लिन-सेंट जिओर सूत्राने तिच्या शरीराचा स्वस्थ बसून होणारा खर्च दिवसाला सुमारे १३६० कॅलरी येतो आणि बेताची हालचाल धरली तर एकूण खर्च २०४० च्या आसपास जातो. ती १५५० कॅलरी खाऊ लागली, म्हणजे रोज जवळपास ५०० कॅलरींची तूट पडली. वजन ७० किलोवर आले, तेव्हा त्याच हालचालीचा खर्च सुमारे १९२० झाला, कारण लहान झालेले शरीर चालवायला आणि उचलायला कमी इंधन लागते. त्यात आणखी एक गोष्ट घडते. रॉकफेलर विद्यापीठातील लायबेल, रोझेनबॉम आणि हिर्श यांनी १९९५ साली दाखवून दिले की वजन दहा टक्क्यांनी उतरले की शरीराचा खर्च आकाराच्या हिशेबापेक्षाही खाली जातो. तो ७० कॅलरींनी उतरला असे धरले, तर त्या शिक्षिकेची तूट आता ३०० कॅलरींवर आली.

या आकडेमोडीतून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही मनाला बळ देणाऱ्या आहेत. पहिली अशी की गती मंदावणे हे ठरलेलेच होते; त्यात कोणाची चूक नाही. दुसरी अशी की ३०० कॅलरींची तूट शिल्लक असेल, तर महिन्याला किलोभर वजन अजूनही उतरायला हवे. ते उतरत नसेल, तर कुठेतरी ३०० कॅलरी नकळत परत येत आहेत. साखर-दुधाचा एक जादा कप चहा, भाजीत पडलेले एक मोठा चमचा जास्तीचे तेल आणि मूठभर शेंगदाणे यांची बेरीज साडेतीनशेच्या घरात जाते.

नकळत परत येण्यामागेही शरीरच आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमधील केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली मांडलेल्या हिशेबानुसार उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा रोजचा खर्च साधारण २० ते ३० कॅलरींनी घटतो, पण खाण्याची ओढ मात्र दिवसाला सुमारे १०० कॅलरींनी वाढते. ऑस्ट्रेलियात ५० जणांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दहा आठवड्यांच्या कडक आहारानंतर वर्ष उलटून गेले तरी भूक वाढवणारी आणि पोट भरल्याची जाणीव देणारी संप्रेरके पूर्वपदावर आली नव्हती. संध्याकाळी साडेपाचला फरसाणाच्या डब्याकडे हात जातो, त्यामागे ही ओढ असते. तिला मनाचा दुबळेपणा समजून स्वतःला बोल लावत बसण्यापेक्षा तिच्यासाठी आधीच सोय करून ठेवणे शहाणपणाचे आहे.

घाबरून जेवण निम्म्यावर आणू नये. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले होते. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. पण त्याबरोबर ते थकले, चिडचिडे आणि उदास झाले, त्यांना खाण्याखेरीज दुसरे काही सुचेनासे झाले. अर्धपोटी माणसाची उमेद टिकत नाही, हे या प्रयोगाने फार स्पष्ट दाखवले. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय दिवसाला १२०० कॅलरींच्या खाली कोणीही जाऊ नये.

स्वयंपाकघरातली गळती

न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली एक अभ्यास झाला. १२०० कॅलरींपेक्षा कमी खाऊनही आपले वजन उतरत नाही, असे सांगणाऱ्या माणसांचा खरा आहार आणि खरा खर्च त्यात शास्त्रीय पद्धतीने मोजला गेला. त्यांची चयापचयाची गती ठीक होती. मात्र ते प्रत्यक्ष खात होते त्यापेक्षा ४७ टक्के कमी खाल्ल्याचे आणि हालचाल ५१ टक्के जास्त केल्याचे सांगत होते. त्यांचा आपल्या सांगण्यावर विश्वास होता. अंदाजाने खाणे मोजणाऱ्या कोणाचेही असे होऊ शकते, आणि म्हणूनच वजन अडकल्यावर सात दिवस सगळे लिहून ठेवणे हा माझ्या दृष्टीने पहिला उपाय आहे. वही स्वयंपाकघरातच ठेवावी आणि तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट त्याच वेळी लिहावी. रात्री आठवून लिहिलेल्या यादीत नेमके गळतीचे पदार्थ सुटतात.

मराठी घरात ही गळती बहुधा कुठे असते, ते सांगतो. सर्वांत मोठी तेलाची. ते हाताने ओतले जाते आणि भाजीत दिसत नाही. ताटात वाढलेल्या तेलाचा अंदाज घेण्यापेक्षा महिन्याचा हिशेब करावा: माणशी दिवसाला २५ ग्रॅम तेल धरले, तर महिन्याला सुमारे ८०० मिलिलिटर होते, म्हणजे चार जणांच्या घराला सव्वातीन लिटर पुरायला हवे. पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर काट्याचे कोडे तिथेच बरेचसे सुटते. त्यानंतर शेंगदाण्याचा कूट. तो कोशिंबिरीत, भाजीत, चटणीत सगळीकडे असतो. पौष्टिक आहे यात शंका नाही, पण १०० ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेहून अधिक कॅलरी असतात. उपवासाचा दिवस तर विशेष तपासावा. एकादशीला किंवा चतुर्थीला ‘आज काही खाल्लेच नाही’ असे वाटते, आणि दिवसभरात साबुदाण्याची खिचडी, दाण्याचा लाडू, वेफर्स आणि दोनदा चहा झालेला असतो. ज्यांना उपवास करायचा आहे त्यांनी तो श्रद्धेने जरूर करावा. त्या दिवशी वरईचे तांदूळ, दही, काकडी, राजगिरा आणि फळे यांवर भर द्यावा.

घरात रांधणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत आणखी एक गळती असते, ती म्हणजे चव पाहताना पोटात जाणारे घास आणि मुलांच्या डब्यात उरलेले, वाया जाऊ नये म्हणून संपवलेले अन्न. यावर बोलताना घरातल्या इतरांनीही आपली जबाबदारी ओळखावी. उरलेले अन्न झाकून ठेवणे आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून संपवणे हे एकट्या बाईचे काम असू नये.

सात दिवसांची वही भरल्यावर तिच्यातून एकच गोष्ट निवडून बदलावी आणि तीन-चार आठवडे तिचा परिणाम पाहावा. एकाच वेळी भात, साखर, तेल आणि रात्रीचे जेवण असे सगळे बंद केले, तर काय लागू पडले ते कळत नाही आणि सगळे एकदम सुटते.

काय काढावे याबरोबर काय घालावे, याचाही विचार हवा. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने प्रौढांसाठी किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे. वजन उतरवताना ती किलोमागे १ ते १.२ ग्रॅमपर्यंत असावीत असा सल्ला बहुधा दिला जातो, कारण त्यांनी पोट जास्त वेळ भरलेले राहते आणि स्नायू टिकतात. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत. पोळी, भाजी, पातळ वरण आणि भात या जेवणात ती कमी पडतात. म्हणून दोन्ही वेळा वाटीभर घट्ट डाळ किंवा मटकी, मूग, चवळी यांची उसळ असावी आणि जोडीला दही, पनीर, अंडी किंवा मासळी यांपैकी जे घरात चालते ते घ्यावे.

व्यायाम तोच असला तरी दिवस बदललेला असतो

सकाळी तासभर चालून आलेला माणूस उरलेला दिवस नकळत जास्त बसून काढतो. व्यायाम सोडून इतर हालचालीत, म्हणजे घरकाम, जिने, उभे राहणे, बाजारात जाणे यांत, माणसामाणसांत दिवसाला शेकडो कॅलरींचा फरक पडतो, हे मेयो क्लिनिकच्या जेम्स लेव्हिन यांच्या १९९९ च्या प्रयोगातून समोर आले. चालण्याचा खर्चही वाटतो तेवढा नसतो: ७० किलोच्या माणसाने चार किलोमीटर चालल्यास २०० कॅलरींच्या आसपास खर्च होतात, आणि एका वडापावात त्याहून जास्त असतात. यामुळे चालणे निरुपयोगी ठरत नाही. रक्तातली साखर, रक्तदाब, झोप आणि मन या सगळ्यांवर त्याचा उत्तम परिणाम होतो. फक्त त्याच्या बदल्यात खाण्याची सूट घेऊ नये. नुसतेच चालणाऱ्यांनी आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम जोडावा. खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला टेकून दंड, रबरी पट्टे, आणि झेपत असेल तर बैठका एवढ्यावरही सुरुवात होते.

झोपेविषयी शिकागोतील २०१० चा एक लहान प्रयोग सांगण्याजोगा आहे. दहा जणांना सारख्याच कमी आहारावर दोन आठवडे साडेआठ तास आणि दोन आठवडे साडेपाच तास झोपेची मुभा दिली. काट्यावर दोन्ही वेळा जवळपास सारखेच वजन उतरले, पण कमी झोपेच्या काळात त्यातला चरबीचा वाटा निम्म्याहून कमी झाला. रात्री बारा वाजेपर्यंत फोन पाहून पहाटे पाचला धावायला उठणाऱ्यांनी आधी झोपेची वेळ सावरावी.

काट्यावाचूनची साक्ष

उमेद खचण्याचे एक मोठे कारण आपल्या अपेक्षेत असते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील गॅरी फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली ६० लठ्ठ स्त्रियांना उपचारापूर्वी विचारले की किती वजन उतरले तर तुम्हाला समाधान वाटेल. त्यांना सरासरी ३२ टक्के वजन उतरायला हवे होते आणि १७ किलोंची घट त्यांच्या लेखी निराशाजनक होती. ४८ आठवड्यांनंतर सरासरी १६ किलो वजन उतरले. आरोग्याच्या दृष्टीने हे फार मोठे यश होते, तरी जवळपास निम्म्या स्त्रिया आपण ठरवलेल्या ‘निराशाजनक’ वजनापर्यंतही पोहोचल्या नव्हत्या.

शरीराला किती घट पुरते, हे पाहिले तर चित्र वेगळे दिसते. अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००२ साली आले, उद्दिष्ट फक्त सात टक्के वजन उतरवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्याचे होते. एवढ्याने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. ८० किलोच्या माणसासाठी सात टक्के म्हणजे साडेपाच किलो. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो आपल्याकडचा अभ्यास. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांवर केलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आहार-व्यायामाच्या गटात मधुमेहाचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झाले, आणि तेही त्यांचे वजन लक्षणीय असे काही घटलेले नसताना. काटा जागचा हलला नव्हता आणि शरीर मात्र सुधारले होते. वजन थांबल्यावर ‘उपयोग काय’ असे विचारणाऱ्या प्रत्येकाला हे उत्तर माहीत असावे.

भारतीय शरीराबाबत काटा किती अपुरा आहे, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःच्याच उदाहरणावरून दाखवले आहे. त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे प्रमाण, अगदी सारखा, २२.३ होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. आपल्या अंगकाठीत स्नायू कमी आणि चरबी, विशेषतः पोटावरची, जास्त असते. त्यामुळे वजन तेवढेच राहून कंबर बारीक होणे आणि ताकद वाढणे ही आपल्यासाठी खरी कमाई आहे.

ही साक्ष लिहून ठेवावी. वहीच्या एका पानावर दर महिन्याला कंबरेचा घेर, रक्तदाब, एका दमात किती जिने चढता येतात, उठबशा किती होतात, गुडघा किती दुखतो आणि रात्री झोप कशी लागते हे नोंदवावे. मधुमेह असणाऱ्यांनी डॉक्टर सांगतील तेव्हा एचबीए१सी ही तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी करून तिचा आकडाही लिहावा.

रोजच्या वागण्यातली उमेद

वजन हे थेट आपल्या हातात नसते. आपल्या हातात असतात त्या दिवसभरातल्या कृती. म्हणून उद्दिष्ट किलोंत न ठेवता कृतींत ठेवावे: दोन्ही जेवणांत वाटीभर उसळ, दुपारच्या जेवणानंतर दहा मिनिटे चालणे, रात्री साडेआठनंतर काही न खाणे. अशा तीनच कृती निवडाव्यात आणि कॅलेंडरवर रोज खूण करावी. आठवड्यातले पाच दिवस जमले तर आठवडा यशस्वी मानावा. सातही दिवसांचा हट्ट धरला, तर पहिल्या चुकलेल्या दिवशीच सगळा बेत कोसळतो.

मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी अभ्यासलेली ‘जर-तर’ची पद्धत येथे फार उपयोगी पडते. ‘मी कमी खाईन’ असा मोघम निश्चय करण्याऐवजी प्रसंग आणि कृती यांची गाठ आधीच बांधून ठेवायची. सकाळी पाऊस असेल, तर घरातच वीस मिनिटे सूर्यनमस्कार आणि उठबशा करीन. कार्यालयात कोणाच्या वाढदिवसाचा केक आला, तर एक लहान तुकडा घेईन आणि संध्याकाळची बिस्किटे घेणार नाही. साडेपाचला भूक लागली, तर आधी भाजलेले चणे आणि ताक घेईन. वाक्य लिहून ठेवले असले की ऐन वेळी मनाशी वाद घालावा लागत नाही.

घसरण होणारच, हे गृहीत धरावे. १९७५ साली झालेल्या एका प्रयोगात, आहारावर बंधन घालून घेतलेल्या मुलींना आधी मिल्कशेक दिला, तेव्हा त्यांनी नंतरचे आइस्क्रीम कमी खाण्याऐवजी जास्त खाल्ले. नियम मोडलाच आहे, तर आता काय राहिले, असा विचार त्यामागे होता. होळीला दोन पुरणपोळ्या झाल्या, गणपतीत पाच मोदक झाले, तर त्याने महिनाभराच्या कष्टांवर पाणी पडत नाही. पडते ते त्यानंतरचे चार दिवस सोडून दिल्याने. भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी उपाशी राहू नये. पुढचे जेवण नेहमीसारखे जेवावे.

घरच्यांच्या आणि नातेवाइकांच्या बोलण्यानेही उमेद खचते. लग्नकार्यात मावशी भेटते आणि म्हणते, “अगं, अजून तेवढीच दिसतेस, डाएट सोडलंस का?” तिच्या बोलण्यात माया असते, तरी मनाला लागते. उत्तर आधी तयार असावे: “नाही मावशी, शुगर खाली आली आहे, डॉक्टर खूश आहेत. आता ती तिथेच टिकवायची आहे.” घरच्यांकडे मात्र नेमकी मदत मागावी. ‘मला साथ द्या’ म्हटल्याने काही बदलत नाही. ‘फरसाण मोठ्या पाकिटाऐवजी लहान आणा’, ‘संध्याकाळी अर्धा तास माझ्याबरोबर चला’ असे सांगितले, तर बदलते.

खूप महिने सतत तूट सहन करून ज्यांना वीट आला आहे, त्यांनी ठरवून विश्रांती घ्यावी. टास्मानियातील संशोधकांनी २०१७ साली ५१ लठ्ठ पुरुषांवर केलेल्या प्रयोगात, दोन आठवडे कमी आहार आणि दोन आठवडे वजन स्थिर राहील एवढा आहार असे आलटून पालटून घेणाऱ्यांचे वजन सलग कमी खाणाऱ्यांपेक्षा जास्त उतरले. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत एवढा फरक दिसला नाही. तरीही थकलेल्या मनासाठी ही विश्रांती मला योग्य वाटते. तिची तारीख आधी लिहावी, जेवणात रोज दोन-तीनशे कॅलरी वाढवाव्यात, व्यायाम आणि वजनाची नोंद चालू ठेवावी, आणि ठरलेल्या दिवशी परत यावे.

डॉक्टरांकडे कधी जावे

सगळे नीट मोजूनही दोन-तीन महिने काहीच फरक पडत नसेल, किंवा वजन वाढतच असेल, तर तपासणी करून घ्यावी. थायरॉइडची कमतरता, पीसीओएस (स्त्रियांमधील संप्रेरकांचा एक बिघाड), झोपेत श्वास अडकणे, रजोनिवृत्तीच्या काळातील बदल ही कारणे असू शकतात. काही औषधांनीही वजन वाढते: स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, नैराश्यावरची काही औषधे. ती स्वतःहून कधीही बंद करू नयेत. पर्याय आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. खाण्याच्या विचारांनी दिवस व्यापला असेल, चोरून खाणे आणि नंतर उलटी काढणे असे काही घडत असेल, तर वजनाचा विषय बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड यांसारखी वजन उतरवणारी इंजेक्शने डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत, आणि ती घेणाऱ्यांचेही वजन साधारण वर्ष-सव्वा वर्षात एका पातळीवर येऊन स्थिरावते, हे लक्षात ठेवावे.

जिथे थांबलो तिथेच राहायचे ठरवले तर

सात-आठ टक्के वजन उतरले आहे, तपासण्या समाधानकारक आहेत, पुढची घट मात्र होत नाही, अशा स्थितीत काही महिने ते वजन टिकवण्याचे उद्दिष्ट ठेवणे हा पूर्णपणे योग्य निर्णय आहे, आणि डॉक्टरही बहुधा त्याला पाठिंबा देतील. मात्र टिकवणे हेही काम आहे. अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची राष्ट्रीय नोंद ठेवली जाते, ज्यांनी किमान १३.६ किलो वजन उतरवून ते वर्षभर तरी टिकवले आहे. त्यातले सुमारे तीन-चतुर्थांश जण आठवड्यातून किमान एकदा वजन करतात आणि ९० टक्के जण रोज सरासरी तासभर व्यायाम करतात.

त्यासाठी आपल्या वजनाभोवती दोन किलोंची पट्टी ठरवावी. वजन ७० किलोवर थांबले असेल, तर ६९ ते ७१. आठवड्याची सरासरी या पट्टीत असेपर्यंत नेहमीचे जेवण, तीन ठरलेल्या कृती आणि चालणे चालू ठेवावे. बाकी कशाचा हिशेब करू नये. सलग दोन आठवडे सरासरी ७१ च्या वर गेली, तर स्वयंपाकघरातली वही पुन्हा सात दिवस भरावी, तेलाचा डबा कोणत्या तारखेला उघडला ते पाहावे आणि एकच गोष्ट बदलावी. तीन-चार महिने असे वजन टिकले आणि मनात पुन्हा उभारी आली की पुढच्या दोन किलोंचा विचार करता येतो.